पुढचं पुस्तक कसं निवडायचं: सांगलीतल्या नव्या वाचकासाठी

वाचनाची सवय तुटते ती बहुतेक वेळा दोन पुस्तकांच्या मधल्या दिवसांत. पहिलं पुस्तक कुणीतरी हातात दिलेलं असतं, बक्षीस मिळालेलं असतं, नाहीतर घरातच कपाटावर पडून असतं. ते संपतं, आवडतंही. मग 'आता काय वाचू?' यात आठवडा जातो, पंधरवडा जातो आणि रात्री उशाशी पुस्तकाऐवजी परत मोबाइल येतो. हा लेख त्या मधल्या पंधरवड्यासाठी आहे. सांगली-मिरज भागात राहणारा, शाळा-कॉलेज सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचू लागलेला किंवा अभ्यासाबाहेरचं पहिल्यांदाच वाचणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. पुढच्या पुस्तकाचा धागा नुकत्याच संपवलेल्या पुस्तकातून काढायचा. 'मराठीतली वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' सांगणारी यादी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही कुठल्या पानावर रेंगाळलात, कुठे पानं भराभर उलटलीत, कुठलं माणूस पुस्तक मिटल्यावरही डोक्यात राहिलं, हे तुमचं तुम्हालाच माहीत असतं. निवड तिथून सुरू करा.

पायरी १ : पुस्तक परत करण्याआधी त्याच्याजवळ थोडं बसा

शेवटचं पान झालं की लगेच पिशवीत टाकू नका. एक वही घ्या, साधी शाळेची चालेल. तारीख, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव लिहा आणि त्याखाली या प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरं लिहा. मला कशानं धरून ठेवलं: माणसांनी, मुलखानं, घटनांनी, भाषेनं की विचारानं? कुठे कंटाळा आला? कशाबद्दल आणखी कळावं असं वाटलं?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेतो. समजा तुम्ही व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचलीत. १९५५ सालची ही छोटी कादंबरी. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, वाडीचा होतो, आणि शेवटी दुष्काळ सगळ्यांनाच वाडी सोडायला लावतो. पुस्तक एकच, पण ते संपवणाऱ्या पाच जणांना पाच वेगवेगळ्या पुस्तकांकडे जावं लागेल.

ज्याला माणसांनी धरलं, त्यानं त्याच लेखकाचं 'माणदेशी माणसं' घ्यावं. ते आधीचं, १९४९ चं. एकेका माणसाचं एकेक शब्दचित्र आहे, त्यामुळे रोज एक वाचून बाजूला ठेवता येतं.

ज्याला मुलूख धरून बसला, त्यानं तोच मुलूख दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावा. आटपाडीचे शंकरराव खरात यांचं 'तराळ अंतराळ' हे आत्मचरित्र त्यासाठी आहे. तेच माळरान, तोच दुष्काळ, पण गावाची तराळकी, म्हणजे राखणीची आणि निरोप पोचवायची कामं, करणाऱ्या घरातून दिसणारा. ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली की आटपाडीच्या एसटी स्टँडवर उतरल्यावर गाव पूर्वीसारखं दिसत नाही. नव्या वाचकाला मी ही जोडी आवर्जून सुचवतो.

ज्याला भाषेनं धरलं, कमी शब्दांत सगळं सांगणारं ते लिखाण आवडलं, त्यानं कथेकडे वळावं. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे चारुता सागर यांच्या कथा शोधा. 'जोगवा' हा चित्रपट त्यांच्याच कथेवरून निघाला. हे नाव सांगलीबाहेर कमी घेतलं जातं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

ज्याच्या मनात 'औंध संस्थान म्हणजे नेमकं काय होतं?' हा प्रश्न उरला, त्याची वाट इतिहासाकडे जाते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली स्वतःच्या हातातला कारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली आणि पुढे ग. दि. माडगूळकरांनी 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कथा लिहिली ती तिच्यावरून. एका कादंबरीतल्या नुसत्या उल्लेखामागे एवढं सगळं असतं. असा प्रश्न पडला तर तो वहीत लिहाच.

आणि ज्याला धनगरांचे देव, ओव्या, जत्रा यांचं कुतूहल वाटलं, त्यानं लोकसाहित्याच्या कपाटासमोर उभं राहावं. २०२५ साली दिल्लीत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर सांगलीच्याच. लोकपरंपरा आणि स्त्रिया हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. तिथून पुढे रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय'पर्यंत जाता येतं. विठ्ठलाच्या मुळाशी धनगर-गवळ्यांचा देव कसा आहे, हे त्यात उलगडलं आहे. मात्र ते लगेच घेऊ नका. मधे दोन-तीन पुस्तकं होऊ द्या.

तुमचं आधीचं पुस्तक वेगळं असेल, प्रश्न हेच विचारा. उत्तर 'काहीच नाही, नुसती गोष्ट आवडली' असं आलं तरी चालतं. मग गोष्टच घ्या.

पायरी २ : येणारे पंधरा दिवस कसे आहेत ते बघा

घरात लग्न आहे, ऊस तुटायला आला आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, अशा वेळी सहाशे पानांची कादंबरी आणू नका. एक साधा हिशेब करा. नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळेला बसून दहा पानं वाचा आणि घड्याळ बघा. वीस मिनिटं लागली तर रोज चाळीस मिनिटांत वीस पानं होतात, म्हणजे तीनशे पानांना पंधरा दिवस. वाचनालयाची मुदत किती दिवसांची आहे ते विचारून घ्या आणि त्यात बसणारं पुस्तक निवडा. मिरज-कोल्हापूर गाडीत उभ्यानं वाचणार असाल तर कथा, ललित लेख किंवा पत्रं बरी. मधेच उतरावं लागलं तरी धागा तुटत नाही.

बारीक टाइपाचं जुनं पुस्तक रात्रीसाठी नको. डोळे दुखले की दोष वाचनाला जातो.

पायरी ३ : वाचनालयाचं सभासद व्हा आणि काउंटरवर बोला

निवडीची भीती पैशाची असते. साडेतीनशे रुपये घातले आणि पुस्तक आवडलं नाही तर? वाचनालयात हा प्रश्नच उरत नाही. अनामत एकदा भरायची, ती सभासदत्व सोडताना परत मिळते, आणि वर्गणी महिन्याची किंवा वर्षाची. चुकीचं पुस्तक आलं तर दुसऱ्या दिवशी बदलून आणता येतं. सांगलीत नगर वाचनालय आहे, मिरजेत खरे मंदिर आहे, आणि तालुक्याच्या गावांतही वाचनालयं आहेत. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामुळे शासनमान्य ग्रंथालयांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण होतं आणि त्यांना अनुदान मिळतं. तुमच्या गावचं ग्रंथालय 'ड' वर्गातलं असेल तर कपाटं कमी असतील, पण सुरुवातीला तेवढी पुरतात.

आत गेल्यावर पहिली गोष्ट विचारा: कपाटापर्यंत जाऊ देतात का? काही ठिकाणी मुक्तद्वार पद्धत असते, म्हणजे तुम्ही स्वतः पुस्तकं काढून चाळू शकता. काही ठिकाणी यादीत बघून चिठ्ठीवर नंबर लिहून द्यावा लागतो. मुक्तद्वार असेल तर उत्तमच. कपाटं विषयवार लावलेली असतात: कादंबरी, कथा, नाटक, कविता, चरित्र-आत्मचरित्र, प्रवास, इतिहास, आरोग्य, शेती. जिथे दशांश वर्गीकरण वापरतात तिथे पुस्तकाच्या पाठीवर आकडे असतात. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. त्यापुढे १ असेल तर कविता, २ असेल तर नाटक, ३ म्हणजे कथा-कादंबरी, ४ म्हणजे निबंध. भारताचा इतिहास ९५४ पाशी सापडतो. एवढे चार-पाच आकडे लक्षात ठेवले तर कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात आपण भांबावत नाही.

आता काउंटर. 'काहीतरी चांगलं द्या' असं म्हटलं की समोरच्या माणसाला काही सुचत नाही, मग सध्या जे सगळे नेतात तेच तुमच्याही हातात येतं. त्याऐवजी वहीतल्या ओळी वाचून दाखवा.

"ताई, बनगरवाडी झालं. मला तो मास्तर आणि त्या वाडीतली माणसं फार आवडली. तसलंच गावाकडचं, पण दोनशे पानांच्या आतलं काय आहे?"

"खरंच घडलेलं हवं का गोष्ट चालेल?"

"खरं असलं तर बरं."

"मग आत्मचरित्रात बघू या. थांबा, परवाच एक परत आलंय."

एवढं बोलणं पुरतं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यांतला एक 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे. तुम्ही नेमकं विचारता तेव्हा काउंटरपलीकडच्या माणसाला तो नियम पाळणं सोपं जातं. वर्षानुवर्षं पुस्तकांची देवघेव करणाऱ्या या लोकांना कुठलं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत येतं आणि कुठल्यासाठी लोक नंबर लावतात, हे पाठ असतं. हे ज्ञान कुठल्याही यादीत मिळत नाही. त्यांना मान देऊन विचारा, आणि पुस्तक आवडलं तर पुढच्या वेळी तसं सांगा. दोन-तीन खेपांनंतर ते आपणहून तुमच्यासाठी पुस्तक बाजूला काढून ठेवतात.

आणखी दोन जागा बघायच्या. नुकती परत आलेली पुस्तकं काउंटरजवळ ढीग लावून ठेवलेली असतात. गावातले लोक या महिन्यात काय वाचताहेत ते तिथे दिसतं. दुसरी जागा म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. तारखा दाट असतील तर पुस्तक फिरतं आहे. पाच-सहा वर्षांत एकच शिक्का असेल तर पुस्तक वाईट आहे असं समजू नका. कुणीतरी ते कपाटात मागे सरकवलेलं असू शकतं. धागा जुळत असेल तर असं पुस्तक जरूर उघडा.

पायरी ४ : तीन पुस्तकं काढा आणि वीस मिनिटं बसा

उभ्या उभ्या ठरवू नका. तीन पुस्तकं घ्या, वाचन कक्षातल्या टेबलावर बसा. मलपृष्ठावरचा मजकूर सगळ्यात शेवटी वाचा, कारण तो पुस्तक खपावं म्हणून लिहिलेला असतो.

आधी मुखपृष्ठ उलटून आतलं पान बघा, जिथे प्रकाशक आणि आवृत्त्यांच्या तारखा असतात. पहिली आवृत्ती कधीची ते कळलं की पुस्तक कुठल्या काळात लिहिलं गेलं ते कळतं. हे फार महत्त्वाचं असतं. १९५० मधलं वाक्य आजच्या वाक्यासारखं चालत नाही. त्याच पानावर 'संक्षिप्त आवृत्ती' असं लिहिलेलं असेल तर शक्यतो पूर्ण पुस्तक मागा.

मग पहिलं पान वाचा. त्यानंतर मधलं कुठलंही एक पान पूर्ण वाचा. पहिल्या पानावर प्रत्येक लेखक मेहनत घेतो. मधलं पान पुस्तकाचा रोजचा आवाज ऐकवतं. शेवट मात्र उघडू नका.

कादंबरी सोडून इतर पुस्तकांसाठी थोडा बदल करा. विचाराचं किंवा माहितीचं पुस्तक असेल तर अनुक्रमणिका आणि प्रस्तावना बघा. 'मी हे पुस्तक का लिहिलं' याचं सरळ उत्तर प्रस्तावनेत मिळालं तर पुढे जा. कवितासंग्रह असेल तर तीन कविता ओठांतल्या ओठांत म्हणून बघा. एक जरी पुन्हा म्हणावीशी वाटली तरी संग्रह घरी न्या, तो सलग वाचायचा नसतोच. नाटकाचं पुस्तक नवे वाचक सहसा टाळतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच सांगलीत, 'संगीत शारदा' लिहिणारे देवल इथल्याच हरिपूरचे, आणि खाडिलकरही सांगलीचेच. अशा गावात राहून वर्षाकाठी एक तरी नाटक वाचायलाच हवं असं मला वाटतं. नाटक दोन बैठकींत संपतं, आणि मोठं पुस्तक वाचून दमल्यावर ते चांगलं लागतं.

अनुवादित पुस्तकाचा निकाल संवादाच्या पानावर लागतो. माणसं मराठीत बोलताहेत असं वाटलं तर घ्या. वाक्यं अडखळत असतील तर मूळ पुस्तक कितीही मोठं असो, खाली ठेवा. अनुवादकाचं नाव वहीत लिहून ठेवा, कारण चांगला अनुवादक हाही एक धागा आहे. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी यांचं नाव बघून लोक त्यांनी अनुवादलेले दुसरे कन्नड लेखकही घेतात, आणि ते बरोबर करतात. जतकडे गेलं की घराघरांत कन्नड ऐकू येतं. आपल्या शेजारच्या भाषेत काय लिहिलं जातं हे सांगलीच्या वाचकाला ठाऊक असावं.

ऐतिहासिक कादंबरीबद्दल थोडं सविस्तर

आपल्याकडे नव्या वाचकाला पहिली शिफारस होते ती ऐतिहासिक कादंबरीची. सुरुवात म्हणून ती चांगलीच आहे. गोष्ट ओळखीची असते, वेग असतो, आणि पाचशे पानं वाचून झाल्यावर 'आपण वाचू शकतो' हा विश्वास येतो. अडचण पुढे येते. एकामागून एक तशाच कादंबऱ्या आणल्या जातात आणि चौथ्या-पाचव्या वेळी तीच युद्धं, तेच दरबार, तीच भाषणं वाचून कंटाळा येतो.

म्हणून एक ऐतिहासिक कादंबरी झाली की त्याच विषयावरचं दुसऱ्या जातीचं पुस्तक घ्या. विश्वास पाटलांची 'पानिपत' घ्या उदाहरणार्थ. ती वाचून झाली की 'भाऊसाहेबांची बखर' उघडा. भाषा जुनी आहे, पहिली दहा पानं जड जातील, पण तिचा जोर अंगावर येतो. त्यानंतर त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' घ्या. ते इतिहासकाराचं लेखन आहे, पुरावा पुढे ठेवून युक्तिवाद करणारं. एकच लढाई कादंबरीकार कशी सांगतो, बखरकार कशी सांगतो आणि इतिहासकार कशी तपासतो, हे तीन पुस्तकांत समोर येतं. यापुढे कुठलीही ऐतिहासिक कादंबरी हातात घेतलीत की लेखकानं कल्पनेनं काय भरलं आहे ते तुमचं तुम्हाला ओळखू येऊ लागेल.

मिरज-सांगलीच्या वाचकासाठी आणखी एक वाट आहे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावानं खंडाखंडांनी छापली. मिरजेच्या वाचनालयाला त्यांचंच नाव आहे. ते खंड सलग वाचायचे नाहीत. एखादा उघडून चार पत्रं वाचा. छावणीत दाणावैरण किती महाग झाली, पगार किती थकला, घरी कोण आजारी आहे, अशा गोष्टींनी ती भरलेली आहेत.

पायरी ५ : दोन न्या

वाचनालयाच्या नियमात बसत असेल तर एका वेळी दोन पुस्तकं न्या. एक धाग्यातलं, म्हणजे वहीतल्या उत्तरावरून निवडलेलं. दुसरं पूर्ण अनोळखी कपाटातलं आणि पातळ: पक्ष्यांवरचं, वास्तूंवरचं, एखाद्या डॉक्टरचे अनुभव, काहीही. धाग्यातलं पुस्तक अडलं तर हात रिकामा राहत नाही. अनोळखी पुस्तकातून कधी कधी नवाच धागा सुरू होतो. एकच पुस्तक मिळत असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सभासद करा.

पायरी ६ : कधी सोडायचं

पन्नास पानं वाचूनही पुढे काय होईल याची उत्सुकता नसेल, भाषाही आवडत नसेल, तर पुस्तक परत करा. त्यात कसलीही लाज नाही. वहीत 'सोडलं' असं लिहा आणि पुढे कंसात कारण. सोडलेल्या पुस्तकांची कारणं वाचली की आपली आवड जास्त स्पष्ट होते.

पण अवघड पुस्तक आणि नावडतं पुस्तक यांत फरक करा. बोलीतलं लेखन सुरुवातीला अवघड वाटतं. शहरात वाढलेल्या, प्रमाण मराठीची सवय असलेल्या वाचकाला वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंची 'फकिरा' पहिल्या काही पानांत परकी वाटू शकते. १९५९ साली आलेली ही कादंबरी वारणाकाठच्या माणसांची आहे. अशी पानं मोठ्यानं वाचा. घरात आजी किंवा एखादे जुने माणूस असेल तर त्यांना वाचून दाखवा. डोळ्यांना अडलेला शब्द कानाला कळतो. वीस-पंचवीस पानांत कान सरावतो, आणि मग पुस्तक स्वतःच ओढून नेतं. बोलीसाठी कुठलंही पुस्तक पन्नास पानांच्या आत सोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात जिवंत लेखन बोलीतच आहे.

पायरी ७ : दिवाळी अंकांतून लेखक शोधा

मराठी वाचकाला मिळालेली ही सोय फार मोलाची आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. बऱ्याच वाचनालयांत दिवाळीनंतर एक योजना असते: ठरावीक रक्कम एकदाच भरायची आणि दोन-तीन महिने अंक बदलून नेत राहायचं.

नव्या वाचकानं ही योजना चुकवू नये. एका अंकात कथा, कविता, लेख, मुलाखत, प्रवास मिळून वीस-पंचवीस लेखक भेटतात. सगळं वाचायची सक्ती नाही. जे आवडेल त्याच्या लेखकाचं नाव वहीत लिहा, आणि संक्रांतीनंतर त्या नावांची पुस्तकं वाचनालयात शोधायला लागा. आज लिहिणारे, तुमच्या वयाचे लेखक सापडण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. वर ज्यांची नावं घेतली ते बहुतेक मागच्या पिढ्यांचे आहेत, आणि केवळ त्यांच्यावर थांबू नये. संक्रांतीलाच कृष्णाकाठी औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, तिथे जाऊन लेखकांना प्रत्यक्ष ऐकता येतं.

याद्या आणि पुरस्कार

याद्या टाकाऊ नाहीत, फक्त त्यांचं काम वेगळं आहे. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार १९५५ पासून दिला जातो, आणि पहिला मिळाला तो वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना. ती यादी सरसकट वाचायला घेऊ नका. तुमचा धागा 'आत्मचरित्र' असेल तर त्या यादीतली आत्मचरित्रं तेवढी वेगळी काढा.

सांगलीत एक पुस्तक हमखास सुचवलं जातं, ते म्हणजे वि. स. खांडेकरांचं 'ययाति'. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, १८९८ चा, आणि १९७४ चं ज्ञानपीठ या कादंबरीसाठी मिळालं, मराठीला पहिल्यांदाच. अभिमान वाटणं साहजिक आहे. पण तिची भाषा अलंकारिक आहे, हे आधीच सांगतो. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात. महाभारतातली माणसं आवडत असतील तर ही रचना फार भिडते. भाषा जड वाटली तर खांडेकरांना सोडू नका, त्यांचे लघुनिबंध किंवा रूपककथा घ्या.

कपाटच ठरत नसेल तर भिलारला जा

आपल्याला कुठला प्रकार आवडतो हेच कळत नसेल, तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी भिलार गाठा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. गावकऱ्यांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली आहे, आणि प्रत्येक घरात वेगळा प्रकार आहे: एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात चरित्रं, तिसऱ्यात विज्ञान, कुठे संतसाहित्य, कुठे बालसाहित्य. पुस्तकं विकत मिळत नाहीत, तिथेच बसून वाचायची. सांगलीहून कऱ्हाड, सातारा, वाई करत पसरणीचा घाट चढायचा. सकाळी लवकर निघा. प्रत्येक घरात अर्धा तास बसा, आणि कुठल्या घरातून उठावंसं वाटलं नाही ते लिहून ठेवा. सांगलीत परतल्यावर पहिल्यांदा तेच कपाट गाठा. मुलांना बरोबर न्या, त्यांचंही कपाट ठरेल.

मोबाइलवर काय मिळतं

थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर अनेक पुस्तकं मोफत वाचता येतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. वाचताना पडलेल्या प्रश्नाची पहिली नोंद तिथे बघा, खाली दिलेले संदर्भग्रंथ पुढचं पुस्तक सुचवतात. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो, त्यामुळे देवल-खाडिलकरांसारख्या जुन्या लेखकांचं लिखाण अधिकृतपणे मोफत मिळतं. अलीकडच्या लेखकाच्या पुस्तकाची चोरून केलेली पीडीएफ कुणी पाठवली तर ती उघडू नका. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती संपायला वर्षं जातात, आणि अशा पीडीएफमुळे पुढची आवृत्ती निघतच नाही.

हवं ते पुस्तक वाचनालयात नसेल तर

बहुतेक वाचनालयांत मागणी नोंदवायची वही असते. नसेल तर कागदावर पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकाशक लिहून ग्रंथपालांकडे द्या. वर्षाची ग्रंथखरेदी होते तेव्हा अशा मागण्या बघितल्या जातात, आणि मागणी एकाऐवजी तिघांनी नोंदवली तर तिचं वजन वाढतं.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी इथल्या ग्रंथालयांत शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून गेली. त्यांतली काही पुन्हा छापली जात नाहीत, ती आता कुणाच्या तरी घरच्या कपाटातूनच येऊ शकतात. म्हणून तुमच्या वहीतल्या धाग्यातलं एखादं जुनं पुस्तक वाचनालयात मिळालं नाही, तर मागणीच्या वहीत तर लिहाच, शिवाय घरच्या, नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या माळ्यांवर शोधा. सापडलं तर आधी वाचा, आणि घरात त्याला दुसरा वाचक नसेल तर वाचनालयाला भेट द्या. देताना आत तुमचं नाव आणि तारीख लिहा.